पटावरचे अठ्ठावीस

२००३ साली आमच्या लघुउद्योजक संघटनेच्या वार्षिक सभेत मी उठून बोललो होतो. विषय होता सामायिक सुविधा केंद्राचा. बराचसा पैसा सरकार देणार, थोडा वाटा आम्ही वर्कशॉपवाल्यांनी घालायचा आणि त्यातून मापनाची यंत्रे, चाचणीची सोय आणि पोरांना शिकवायला एक कार्यशाळा उभी करायची, असा तो प्रस्ताव होता. मी म्हणालो, "ज्याला धंदा येतो त्याला सरकार लागत नाही आणि ज्याला सरकार लागते त्याला धंदा येत नाही. आपण सरकारकडे एवढेच मागावे, की वाटेतून बाजूला व्हा." टाळ्या पडल्या, ठराव बारगळला. ते वाक्य पुढे कितीतरी वर्षे माझ्या नावावर फिरत राहिले. नव्या सभासदांची ओळख करून देताना लोक मलाच ते ऐकवायचे.

ते वाक्य मी आता मागे घेतो आहे. ज्या संघटनेत ते बोललो, तिथे लेखी कळवलेही आहे. पण नुसते मागे घेऊन भागणार नाही. ते तोंडात कुठून आले आणि का गळून पडले, हे सांगितले पाहिजे. आज तिशीत असलेली बरीच कारखानदार मुले तेच वाक्य तितक्याच खात्रीने बोलताना मी ऐकतो.

मी १९९१ मध्ये चिकलठाणा एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात वर्कशॉप काढले. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. एक जुनी लेथ, एक मिलिंग मशीन आणि बँकेचे कर्ज, एवढे भांडवल. वीज वाढवून घ्यायला एका सरकारी कार्यालयात सात महिने चकरा मारल्या. माझा संताप मात्र त्या चकरांमुळे नव्हता. तो होता माझ्या भिंतीला लागून असलेल्या मोठ्या शेडमुळे. महाराष्ट्रात १९६४ पासून सामुदायिक प्रोत्साहन योजना चालत आली आहे. मुंबई-पुण्याबाहेर उद्योग जावेत, म्हणून मागास तालुक्यात कारखाना काढणाऱ्याला विक्रीकराची सूट, भांडवली अनुदान असे काय काय मिळायचे. हेतू चांगला होता आणि मराठवाड्यात त्यातून खरे कारखाने आलेही. माझ्या शेजारची शेड मात्र सूट मिळत होती तोवरच चालली. सवलतीची मुदत सरली, त्या दिवाळीत मशिनरी ट्रकवर चढली आणि दुसऱ्या तालुक्याला गेली. मागे राहिला एक वॉचमन. पुढची दहा वर्षे तो त्या गेटापाशी खाट टाकून बसलेला मी रोज पाहिला. शेडच्या पत्र्यातून बोरीचे झाड वर आले. मी त्या काळात बँकेला भरमसाट व्याज भरत होतो आणि महिन्याच्या सात तारखेला पगाराची जुळवाजुळव करताना रात्र रात्र झोपत नव्हतो. त्या शेडकडे बघत माझे मत घडले. ज्याने ते झाड रोज पाहिले आहे, त्याला माझे ते वाक्य खोटे वाटणार नाही.

मत बदलायला सुरुवात झाली २००९ मध्ये, एका मुलामुळे. मुलगा बीड जिल्ह्यातला, घरची कोरडवाहू शेती. दहावीनंतर तो आमच्याच चिकलठाण्यातल्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये चार वर्षांचा टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करून आला होता. ही संस्था केंद्र सरकारची, जर्मन सरकारच्या तांत्रिक साहाय्याने उभी राहिलेली. माझ्या वर्कशॉपपासून चालत जाण्याइतकी जवळ. तोवर मी तिच्या फाटकाच्या आत कधी गेलो नव्हतो.

त्या दिवसांत आमच्याकडे दुचाकीच्या स्विचच्या प्लास्टिक हाउसिंगचा एक मोल्ड अडला होता. एका कडेला सतत फ्लॅश यायचा, म्हणजे दोन अर्ध्या भागांच्या सांध्यातून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर निघायचा. चार बायका दिवसभर बसून ब्लेडने तो कापत होत्या. आम्ही सांध्याची बाजू दोनदा वेल्डिंग करून भरली आणि दोनदा घासली. मशीनचे दाब-टनेज वाढवले. माझा वीस वर्षांचा अनुभव असलेला मिस्त्री म्हणाला, मोल्डच गेला, नवीन करा. ग्राहकाचा फोन रोज यायचा.

मुलाला आमच्याकडे कामाला लागून आठवडा झाला होता. तो म्हणाला, "साहेब, मोल्ड खाली घेऊ का? घासायचा नाही, फक्त बघायचा आहे." त्याने आधी मोल्ड नुसता पुसला. रॉकेलने, मग कोरड्या सुती कापडाने, मग तळहाताने. एका अर्ध्या भागाला बोटाने निळा रंग इतका पातळ लावला, की खालचे पोलाद दिसत राहिले. दुसरा भाग त्यावर बसवला, उचलला आणि मला बोलावले. एका बाजूला रंग सगळीकडे सारखा उमटला होता, दुसऱ्या बाजूला पोलाद कोरडेच होते. माझा मिस्त्री लगेच म्हणाला, "तेच तर, तिथे घासायला पाहिजे." मुलगा मान हलवून सरफेस प्लेटकडे गेला. मोल्डच्या मागचे दोन आधाराचे ब्लॉक सोडवून शेजारी शेजारी ठेवले आणि वरून डायल फिरवला. काटा चाळीस मायक्रॉन हलला. वर्षापूर्वी आम्ही त्यातला एकच ब्लॉक बदलला होता, हे मला तेव्हा आठवले. मागचा आधार कमीजास्त, त्यामुळे दाब आला की पुढची प्लेट एका बाजूला वाकायची. मुलाने दोन्ही ब्लॉक एकत्र, एकाच सेटिंगमध्ये ग्राइंडिंग करून घेतले आणि मग आमच्या वेल्डिंगने झालेला उंचसखलपणा निळा रंग लावून लावून, दगडाने घासत काढला. तिसऱ्या दिवशी निघालेल्या हाउसिंगच्या कडेवरून मी नख फिरवले. नख अडले नाही.

मी त्याला विचारले, हे कोणी शिकवले? त्याने पिशवीतून एक पोलादी ठोकळा काढला. काडेपेटीहून थोडा मोठा. पहिल्या वर्षी त्यांना कानस हातात देतात आणि असा ठोकळा सहाही बाजूंनी घासायला लावतात. गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा व्हाइसला. त्याचे पहिले तीन ठोकळे शिक्षकांनी भंगारात टाकले होते, हा चौथा. मी तो गुण्याला लावून खिडकीकडे धरला. उजेड दिसला नाही. सतरा वर्षांच्या पोराने नुसत्या हाताने काढलेला काटकोन होता तो.

मी हिशेबी माणूस आहे. त्या रात्री मी त्या ठोकळ्याचा हिशेब करू लागलो. तीन ठोकळ्यांचे भंगार, कानशी, व्हाइस, शेजारी उभा राहून "पुन्हा कर" म्हणणारा शिक्षक, आणि त्या सगळ्या आठवड्यांत त्या हातून विकण्यासारखे काहीही न निघणे. हा खर्च मी केला असता का? नसता केला. अठरा वर्षांत एकदाही केला नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या पोराला मी पहिल्या दिवशी मशीनवर उभे करत असे. बटण कुठले, टूल कसे बदलायचे, झाले शिक्षण. कारण सोपे होते. मी दोन वर्षे घालून पोराला तयार करायचे आणि वाळूजच्या कुणीतरी दोन हजार जास्त देऊन त्याला उचलायचे. शिकवण्याचा खर्च माझ्या खिशातून आणि शिकलेला हात शेजाऱ्याच्या कामाला. वाळूजचा तो माणूसही माझ्याबद्दल हेच म्हणत होता. आम्ही सगळे आपापल्या जागी बरोबर होतो आणि सगळे मिळून पोरांना अडाणी ठेवत होतो. आम्हा दोघांच्या वरचे कुणीतरी, ज्याला पोरगा चिकलठाण्यात राहतो की चाकणला जातो याने फरक पडत नाही, असेच कुणीतरी तो ठोकळा घासून घेऊ शकत होते.

तो मुलगा २०११ मध्ये चाकणला गेला. जाताना पाया पडला. मी नीट बोललो नाही, त्याची मला आजही खंत आहे.

आता कामगारांच्या पटाबद्दल. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. २०१९ मध्ये नियम बदलले आणि तीस किंवा जास्त माणसे असतील त्या प्रत्येक आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त पंधराशे रुपये, केंद्र सरकार भरून देत होते. तेव्हा माझ्याकडे तेहतीस माणसे होती. मी पाच जणांना कंत्राटदाराच्या नावावर टाकले आणि पट अठ्ठावीसवर आणला, केवळ त्या नियमात बसू नये म्हणून. म्हणजे त्या ठोकळ्याने माझे डोळे उघडून दहा वर्षे झाल्यावर मी हे केले. माणसाला पटते आणि तरी तो करत नाही, कारण खिसा वेगळा हिशेब सांगतो. हे मी पहिल्यांदाच लिहून ठेवतो आहे.

तेव्हापासून मी माझ्या अंगावरची देणी मोजायला लागलो, आणि आधी का मोजली नाहीत याचे आश्चर्य वाटू लागले. मी शिकलो सरकारी तंत्रनिकेतनात. वर्षाची फी इतकी किरकोळ होती, की वडिलांनी ती ज्वारीच्या दोन पोत्यांत भागवली. गाळा ज्या जमिनीवर, ती एमआयडीसीने आखलेली. १९६२ साली हे महामंडळ निघाले नसते तर दुष्काळी मराठवाड्यात कारखान्यांच्या नळाला जायकवाडीचे पाणी कोणी आणले असते? आणि माझी पहिली लेथ एचएमटीची. १९५३ मध्ये स्विस कंपनीच्या सहकार्याने केंद्र सरकारने बंगळुरूत काढलेला हा कारखाना. पुढे कळमश्शेरीलाही लेथ होऊ लागल्या. एचएमटीचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. घड्याळांचा विभाग तर २०१६ मध्ये बंद करायचे ठरले. सरकारला धंदा जमत नाही याचा दाखला म्हणून मीच भाषणांत एचएमटीचे नाव घेत असे. आणि संध्याकाळी येऊन त्याच लेथवर जॉब लावत असे. ती लेथ अजून माझ्याकडे आहे, तिचा बेड अजून सरळ आहे. देशभरच्या हजारो गाळ्यांत अशा जुन्या लेथवरच माझ्यासारख्यांनी धंदा सुरू केला. ताळेबंदात हे कुठे येत नाही.

किर्लोस्करांची गोष्टही मी दर सभेत सांगायचो. लक्ष्मणरावांना बेळगावातली जागा सोडावी लागली, मग १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर त्यांनी कारखाना वसवला. स्वतःच्या हिमतीवर. ती गोष्ट मी अर्धीच सांगत होतो. तो माळ औंध संस्थानचा होता. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली आणि कर्जही दिले. लोखंडी नांगर शेतकरी घेतील की नाही हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. राजाने नांगर केला नाही, नांगर कसा करावा हे सांगितले नाही. माळ दिला, धीर दिला, आणि करणाऱ्याला करू दिले. लक्ष्मणरावांची हिंमत याने कमी होत नाही. फक्त माझ्या भाषणातून ते संस्थान नेहमी गळत असे आणि ते मी गाळत होतो.

उलट बाजूचाही एक अनुभव आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. महाराष्ट्रातली मुले प्रवेशासाठी कर्नाटकात जात होती, ती इथे राहिली. खेड्यापाड्यांतून इंजिनिअर झाले, हे मोठेच काम झाले. सरकारने हात काढला की किती भराभर होते, याचे मी तेच उदाहरण द्यायचो. पण इमारत, बाक आणि फळा फीमधून निघतो. फाउंड्री, मापनाची खोली, जुन्या जाणत्या कारागिराचा पगार फीमधून निघत नाही, म्हणून तो पहिल्यांदा कापला जातो. गेल्या पंधरा वर्षांत माझ्याकडे मुलाखतीला आलेल्या यांत्रिकीच्या पदवीधरांना मी मायक्रोमीटर हातात देतो आणि एक शाफ्ट मोजायला सांगतो. निम्मी मुले कावरीबावरी होतात. मुले हुशार असतात. त्यांच्या चार वर्षांत तो मायक्रोमीटर काचेच्या कपाटात होता. एका मुलीने मला सांगितले, "सर, आम्हाला तो लांबून दाखवला होता." तिला मी घेतले. तीन आठवड्यांत ती माझ्याहून चांगले मोजू लागली. तिच्या आईवडिलांनी त्या चार वर्षांसाठी शेत विकले होते.

मग २०२२ चा सप्टेंबर आला. वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा चिपचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. माझ्या ओळखीचे कारखानदारही चिडले. त्यानिमित्ताने मी पहिल्यांदा चिपच्या धंद्याचा इतिहास वाचायला घेतला आणि तैवानपाशी थांबलो. टीएसएमसी ही आज जगातली अव्वल चिप बनवणारी कंपनी निघाली १९८७ मध्ये आणि तिच्या सुरुवातीच्या भांडवलातला जवळपास निम्मा वाटा सरकारी निधीचा होता. इतके मला ऐकून माहीत होते. माहीत नव्हते ते त्याआधीचे. १९७३ मध्ये तैवान सरकारने औद्योगिक संशोधनाची एक संस्था काढली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून तंत्रज्ञान विकत घेतले, ते तेव्हाही सर्वांत नवे नव्हते. त्याबरोबर आपले तरुण इंजिनिअर अमेरिकेला पाठवले, तिथल्या कारखान्यात हाताने काम शिकायला. १९८० मध्ये सिंचूला विज्ञान उद्यान उभारले. कंपनी निघाली ती या सगळ्यानंतर, म्हणजे दहा-अकरा वर्षे माणसे तयार केल्यानंतर. त्यांनी आधी ठोकळा घासून घेतला होता.

आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना जाहीर झाली. साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाला, पावणेतीन अब्ज डॉलरच्या खर्चातला निम्मा केंद्र आणि वीस टक्के गुजरात सरकार देणार असे ठरले. शंभरातले सत्तर रुपये जनतेचे. वेदांता-फॉक्सकॉनची जोडी तर जुलै २०२३ मध्ये फुटलीच. ज्यासाठी दोन राज्यांत भांडण लागले, तो प्रकल्प त्या रूपात कुठेच झाला नाही. मायक्रॉन आला याचा मला आनंद आहे, तिथे आपली मुले काम शिकतील. पण राज्याराज्यांनी एकमेकांवर बोली चढवत जमीन, वीज, कर सगळे सोडून द्यायचे, हे मला अजून पटत नाही. बोरीचे झाड मी विसरलेलो नाही. भिंती आणि मशिनरीला दिलेला पैसा ट्रकवर चढतो. त्या बीडच्या मुलावर झालेला खर्चही चाकणला गेला म्हणा, पण तो जिथे गेला तिथे चार जणांना निळा रंग लावायला शिकवत असणार. याच देशात संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यातही खासगी उद्योगांचा वाटा निम्म्याहून कमी होता. यातल्या दुसऱ्या आकड्यात माझे नाव आहे. सरकार संशोधनाला पैसा देत नाही, अशी तक्रार करणाऱ्या आम्हा कारखानदारांनी स्वतः किती घातला?

महाराष्ट्रात चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत. एकेकाळी मी त्यांना सरसकट निकामी म्हणत असे. आता मी आमच्या भागातल्या एका आयटीआयच्या सल्लागार मंडळावर जातो. शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, एक मशीन वर्षभर एका सुट्या भागासाठी बंद होते. पूर्वी हे पाहून मी म्हणालो असतो, बघा, सरकारी काम. या वेळी तो भाग आमच्याकडे करून दिला. संध्याकाळी मशीन सुरू झाले तेव्हा मागच्या बाकावरची दोन मुले टाळ्या वाजवायला लागली. निर्देशकांनी त्यांना गप्प केले, पण ते स्वतःही हसत होते.

माझ्याविरुद्ध आज कुणी सभेत उठून विचारील, की मग तुम्ही सरकारी पैशाच्या बाजूचे झालात का? मी बाजू बदलली आहे, डोळे मिटलेले नाहीत. जो पैसा माझ्या एकट्याच्या नफ्यात जमा होतो, तो मला देऊ नका, आणि द्यायचाच तर मुदत घालून, मोजून द्या आणि काम झाले नाही तर वसूल करा. जो पैसा कुणाही एका कारखानदाराच्या नफ्यात पूर्ण जमा होऊ शकत नाही, म्हणजे कारागीर, शिक्षक, मापनाची खोली, विद्यापीठातली वर्षानुवर्षे न फळणारी प्रयोगशाळा, तो मात्र सरकारने घालायलाच हवा आणि सढळ हाताने घालायला हवा. तो आम्ही घालणार नाही. मी घातला नाही, हे मी वर सांगितलेच आहे.

कंत्राटदाराच्या नावावर टाकलेली पाच माणसे मी एप्रिलमध्ये पुन्हा पटावर घेतली. त्यातला एक दरम्यान सोडून गेला होता, त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ आला. पट पुन्हा तेहतीस झाला. दोन शिकाऊ उमेदवार घेतले आहेत, एक मुलगा पैठणचा आणि एक मुलगी फुलंब्रीची. मुलीचे वडील सोडायला आले होते. लेथकडे बघून म्हणाले, "भाऊ, हाताला लागणार नाही ना हिच्या?" मी म्हणालो, "पहिले तीन महिने मशीनला हात लावायचाच नाही, कानस धरायची." त्यांना ते पटले की नाही कळले नाही. मुलीला पटले नव्हते, ते तिच्या तोंडावर दिसत होते. जुन्या मिस्त्रीने दोघांसाठी खिडकीजवळ व्हाइस लावून दिले आहेत, तिथे उजेड चांगला येतो. काल संध्याकाळी तिने पहिला ठोकळा आणून दिला. मी गुण्या लावला, खिडकीकडे धरला आणि तिला परत दिला. ती काही न बोलता पुन्हा व्हाइसकडे गेली.